इशबेलचा डावा हात

अपर ग्लेन, केप ब्रेटन
१० जानेवारी १९८३

इशबेल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत टाकलं नसशील, तर वाच. टाकलं असशील तर प्रश्नच मिटला.

तुझं आणि तुझ्या बापाचं गोड व्हावं म्हणून मी लिहीत नाही. त्या हॉलमधल्या रात्रीनंतर तू एडमंटनला निघून गेलीस ते बरोबर की चूक, यावर अकरा वर्षं सगळ्या गावानं तोंड चालवलंय. त्यात माझी भर नको. मला एकच विचारायचं आहे. ते सांगू शकेल असं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

फिडलवाला 'ए' सुरातली जलद चाल वाजवतोय आणि चाल मध्येच खाली 'जी'वर येते, तेव्हा पियानोवर डाव्या हातानं काय करायचं? मी सरळ उडी मारते. ते ऐकताना माळ्यावरून गाय पडल्यासारखं वाटतं. तू उतरायचीस ते जिना उतरल्यासारखं. कोणत्या पट्ट्यांवरून?

मी सत्तरीची आहे हे मला ठाऊक आहे. लग्नाआधी मी दोन सुरांत बरी साथ करायचे. मग तुझ्या काकांच्या घरी गेले. तिथं पियानो नव्हता, मुलं मात्र होती. आता काका नाहीत, मुलं गावात नाहीत, नातवंडं नाताळात येतात आणि टीव्हीपुढं बसतात. तेव्हा रोज दुपारी वाट तुडवत तुझ्या बापाच्या घरी येते आणि तुझ्या आईच्या पियानोवर बसते. का, ते विचारू नकोस. हिवाळा लांब आहे म्हण.

फोन करता आला असता. पण आमची लाइन अजून सहा घरांत मिळून एक, आणि सेडीनं रिसीव्हर उचलला की तिच्या कोंबड्यासुद्धा मला ऐकू येतात.

हेक्टर बरा आहे. खिडकीशी बसतो. मी लिहिलंय हे त्याला माहीत नाही.

तुझी आत्या
फ्लोरा


२८ जानेवारी

इशबेल,

कार्ड मिळालं. ना 'आत्या', ना 'कशी आहेस'. चार अक्षरं आणि खाली सहीसुद्धा नाही. औषधवाला बाटलीवर यापेक्षा जास्त लिहितो. पण काम झालं. मधल्या काळीवर निमिषभर टेकायचं आणि मग 'जी'. इतकं सोपं होतं आणि मी तीन आठवडे माळ्यावरून गाई पाडत बसले.

तुझ्या बापाला ते आवडतंय असं नाही. पहिल्या दिवशी तो आतल्या खोलीतून ओरडला, "कोण कुऱ्हाड चालवतंय?"

"तुझी बहीण."

"लाकडं संपली का?"

"लाकडं आहेत. तुझं तोंड संपलं तर बरं होईल."

"तेरेसाला कळलं तर थडग्यातून उठून येईल."

"येऊ दे की. आली की तिच्या नवऱ्याचे मोजे तिलाच धुवायला लावते."

तुझ्या आईचं नाव काढलं की तो गप्प होतो, म्हणून मी ते जपून वापरते. पण त्या दिवशी त्यानंच काढलं होतं.

फिडल पलंगाखाली आहे. हॅलोविननंतर त्यानं पेटी उघडलेली नाही. तुला ठाऊक आहे, हा माणूस जेवायला विसरेल पण संध्याकाळी खुर्ची ओढून वाजवायला विसरायचा नाही. त्या खुर्चीपुढचं लिनोलियम त्याच्या टाचेनं पार झिजलंय, खालची फळी दिसते. मी रोज तिथं झाडू मारते.

आज लवकर आटपते. नर्स यायची वेळ झाली. ती आली की भांडंभर गरम पाणी लागतं आणि मग सगळ्या खिडक्या उघडाव्या लागतात, या थंडीत. जोअ‍ॅन नाव तिचं. पोरगी चांगली आहे, पण इथली नव्हे. पहिल्या दिवशी फाइलवर 'हेक्टर मॅकडोनाल्ड' एवढंच वाचून निघाली आणि आधी दुसऱ्या दोन हेक्टरांचे पाय बघून आली.

आता सांग, संथ चालीवरून जलद चालीवर जाताना तू आधी काय करायचीस? हात हलका करायचीस की जड?

फ्लोरा आत्या


१० फेब्रुवारी

इशबेल,

या खेपेला तू उत्तर न देता उलट मलाच विचारलंस. 'नर्स कोणासाठी? पाय कोणाचा?' लिहिताना माझा पेन घसरला, आता तो परत उचलून घेता येत नाही. मला रक्तदाबाचा त्रास आहे असं लिहायचं मी ठरवलं होतं. पण रक्तदाबासाठी कोणी पाय बघत नाही, आणि तू काही खुळी नाहीस.

त्यानं माझ्याकडून शपथ घेतली होती. नोव्हेंबरात, पायाचं बोट कापलं तेव्हा. "पोरीला सांगायचं नाही. ती दयेपोटी आली तर मी दार उघडणार नाही." मी पवित्र मरियेची शपथ घेतली. ती आता मोडते आहे. तिला मूल होतं, ती समजून घेईल.

साखरेचा आजार त्याला केव्हाचा आहे. डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि हा पावावर काकवी ओतून खात होता. ऑक्टोबरात गोठ्यातला खिळा बुटातून पायात गेला. याला कळलंच नाही. रात्री बूट काढला तेव्हा मोजा भिजलेला. आधी बोट गेलं. आता पाऊल काळं पडतंय. मोठ्या हॉस्पिटलातला सर्जन म्हणतो, गुडघ्याखाली कापू द्या, म्हणजे माणूस वाचेल. नाही तर विष वर चढेल. मग वसंत काही तो बघत नाही.

मी शेजारी बसले होते. हेक्टर म्हणाला, "पाय देणार नाही."

सर्जन मऊ आवाजात म्हणाला, "का बरं?"

"मी फिडल वाजवतो."

त्या माणसाला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "मिस्टर मॅकडोनाल्ड, व्हायोलिन हातांनी वाजवतात."

"मग तूच वाजव," हेक्टर म्हणाला, "आणि मी हसतो."

सर्जनचा काय दोष? त्यानं बघितलेले व्हायोलिनवाले काळा कोट घालून खांबासारखे उभे राहतात. आपल्याकडचा फिडलवाला बसून वाजवतो आणि टाच जमिनीवर आपटत जातो, हे त्याला कोण सांगणार? लोक फिडलवर नाचत नाहीत, त्या टाचेवर नाचतात. तुझा बाप वाजवायला बसला की शेजारच्या खोलीतल्या कपाटातल्या बश्या नाचायच्या.

परत येताना गाडीत म्हणाला, "पाय गेला की वाजवणं गेलं. मग उरलेलं धड घरी आणून काय करू? दाराला अडसर लावू?"

मी म्हटलं, "माझ्या दाराला लाव, ते वाऱ्यानं आपटतं." तो हसला नाही.

तर आता तुला कळलं मी पियानोवर का बसते. पाय जाणार असेल तर ताल दुसऱ्या कोणी तरी धरायला हवा. माझा डावा हात त्याची टाच झाला पाहिजे. आता मला उत्तर दे. हलका की जड?

फ्लोरा


२१ फेब्रुवारी

इशबेल,

'तो मेला तरी मी येणार नाही' असं तू लिहिलंस. नको येऊस. मी तुला बोलावलंय कुठं? मला तू नको, तुझा डावा हात हवा आहे. तेवढा पाकिटात घालून पाठव.

'जड' असं लिहिलंस ते बरं केलंस. आठवडाभर मी इतका जड हात मारला की कोपर सुजलं. काल हेक्टर स्वतःच म्हणाला, "पेटी काढ पलंगाखालून. तुला वाटतंय तुला येतं. दाखवतो काय येतं ते."

मी पेटी उघडली. तारा उतरलेल्या होत्या. त्या लावता लावता त्यानं तुझ्या आईच्या पियानोला, मग मला आणि मग देवाला शिव्या दिल्या. वाजवायला लागला. आजारी पाय उशीवर, चांगला जमिनीवर. चांगल्या पायानं आपटायला गेला आणि थांबला. डाव्या टाचेची सवय आहे त्याला. उजवी टाच म्हणजे परक्याचा बूट घातल्यासारखं, म्हणाला. म्हणून मी माझी टाच आपटली. जोरात. त्याला आधार म्हणून.

चालीचा अर्धा फेरा झाला नाही तोच त्यानं गज खाली घातला.

"तू मला ओढतेस."

"मी साथ करते."

"मेंढरू बाजाराला नेतात तशी साथ? मी अजून कुंपणापाशीही नाही, आणि तू पलीकडे जाऊन हाका मारतेस."

"मग लवकर ये."

"इशबेल कधी ओढायची नाही," तो म्हणाला.

अकरा वर्षांत त्या घरात तुझं नाव उच्चारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. लगेच पुढं तो तुला जे म्हणाला तेही कागदावर घालण्यासारखं नव्हतं. मग पेटी बंद. जेवला नाही. संध्याकाळी अंगात ताप होता. जोअ‍ॅन म्हणाली, ताप येणं चांगलं नव्हे.

मला एवढंच सांग. ओढायचं नाही म्हणजे काय करायचं? मागं राहिले तर तो म्हणतो मी मेलेल्यासारखी वाजवते, पुढं गेले तर मेंढरू. मधली जागा कुठं आहे?

फ्लोरा


३ मार्च

इशबेल,

दोन्ही बाजूंनी भरलेलं तुझं पत्र कालच्या टपालात आलं. टाच आपटायची नाही, पाय मागं खुर्चीखाली घालून बसायचं. त्याच्या बोटांकडे बघायचं नाही, त्याच्या कोपराकडे बघायचं. कोपर वळतं तिथं आपला सूर पडला पाहिजे, आधीही नाही नि नंतरही नाही. आजच करून बघितलं. तो काही बोलला नाही. न बोलणं म्हणजे त्याच्याकडून फुलांचा गुच्छच.

त्या रात्रीचं तू लिहिलंस तेही वाचलं. मी हॉलच्या मागं चहाच्या पिंपाशी सँडविच कापत होते, मला पुढचं काही दिसत नव्हतं. तो चाल बदलताना मानही हलवत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. तू एका कॉर्डचे तीन सूर धरून राहिलीस, तो दुसरीकडे गेला. मग फिडल थांबलं. मग त्याचा आवाज, भरल्या हॉलमध्ये, मायकवर: "इथं कोणाला पियानो येतो का?" आणि हसणं. मग पियानोचं झाकण पडल्याचा आवाज. बास. तू लिहितेस की तू चुकली नव्हतीस. असेल. मी न्यायाधीश नाही. माझ्यापुढं आत्ता एक काळा पाय आहे.

काळेपणा घोट्याच्या वर आला. जोअ‍ॅननं निळ्या पेनानं रेघ मारून ठेवली होती, ती आता काळ्यात बुडाली. ती मला बाहेर पोर्चवर घेऊन गेली आणि म्हणाली, "फ्लोरा, याच महिन्यात. त्यानंतर सर्जन हात लावणार नाही." फादर कॉलिन मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले. हेक्टर म्हणाला, "फादर, बसा, ओटकेक खा. तेल राहू दे, आम्ही लोणी लावतो."

फादर गेल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हेक्टर, पैज लाव."

"कसली?"

"तुझा तो पाय मी खुर्चीला बांधते. दुसराही बांधते. एक टाच हलणार नाही. तू वाजव. मी नुसत्या पियानोवर तुझा ताल धरते. धरला तर तू त्या सर्जनच्या कागदावर सही करायची. नाही धरला तर मर सुखानं, तुझ्या मयताची सँडविचं मी कापीन आणि पुन्हा एक शब्द काढणार नाही."

त्यानं खिडकीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "चाली मी निवडणार. आधी सांगणार नाही."

"नको सांगूस."

"मान हलवणार नाही."

"कधी हलवली होतीस?"

येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, चर्चमधल्या मासनंतर. तेरा तारखेला.

इशबेल, तो माझ्याशी तेच करणार जे तुझ्याशी केलं. चाल बदलणार आणि मला उघड्यावर सोडणार. ती बदलण्याआधी काही तरी खूण असणार, श्वास, भुवई, काहीही. ती एकट्या तुला माहीत आहे. हे पत्र पोचेतो आठवडा जाईल, तुझं उत्तर यायला आणखी एक. तेवढा वेळ नाही. तू फोन कर. सेडी ऐकू दे. सगळी लाइन ऐकू दे. माझ्या घरी कर, शनिवारी, जेवणाच्या वेळेला.

फ्लोरा


१४ मार्च, सोमवार

इशबेल,

तुझा फोन आला तेव्हा लाइनवर किती जण होते हे मला काल मासनंतरच्या गर्दीवरून कळलं. सेडीनं मध्येच तुला 'आवाज बारीक झालाय गं, जेवतेस ना?' विचारलं तेव्हा तू फोन ठेवशील असं वाटलं. ठेवला नाहीस. आणि म्हाताऱ्या निलनं आपलं मत दिलं, फिडल शिकायचं सोडून तो शेती करता तर पाय वाचला असता, म्हणून. त्याच्या स्वतःच्या शेतात दगडाखेरीज काही उगवलेलं मी पाहिलेलं नाही.

पण तू सांगितलंस ते मी रात्रभर घोकलं. 'खूण नाही, आत्या. त्याला स्वतःलाच आधी माहीत नसतं. तो गेला की तू कॉर्ड शोधत बसू नकोस. उजवा हात उचल. डाव्या हातानं नुसता खालचा खर्जाचा सूर धरून ठेव, मधला सूर सोडून दे. मधला सूरच चुगली करतो. तुला कळेपर्यंत फक्त खालचा.' आणि मग तू म्हणालीस, 'मी तेव्हा पूर्ण कॉर्ड वाजवली होती, कारण मला खात्री होती.' त्यावर लाइनवर सेडीच्या कोंबड्या तेवढ्या ऐकू आल्या.

आता काल काय झालं ते सांगते.

जोअ‍ॅन कागद घेऊन आली, कोट अंगावर तसाच. मी हेक्टरचे दोन्ही पाय खुर्चीला बांधले, आजारी पाय उशी घालून उंच, त्याच्याच लोकरी मफलरनं. "घट्ट बांध," तो म्हणाला, "नंतर म्हणशील मी चोरून आपटला." त्याचा चेहरा मेणासारखा होता आणि हातांना घाम येत होता. मला वाटलं हा गज धरू शकणार नाही. धरला.

आधी संथ मार्च वाजवला. सोपा होता, मुद्दाम सोपा. मला गाफील करायला. मग मधल्या लयीची चाल. मी त्याच्या कोपरावरून नजर काढली नाही. त्या खोलीत टाचेचा आवाज नव्हता, बश्या गप्प होत्या, आणि मला वाटलं, धरतेय मी. खरंच धरतेय. मग जलद चाल. 'ए', मग 'जी', तुझ्या काळीवरून उतरले. मग त्यानं मान न हलवता बदललं. मी उजवा हात उचलला, खर्ज धरला, आणि निभावलं. परत बदललं. परत निभावलं. जोअ‍ॅन दाराशी उभी होती, तिनं कोटाची बटणं सोडली.

तिसऱ्यांदा त्यानं जे काढलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. 'ए' नाही, 'डी' नाही, कुठलंच नाही. खर्ज धरला तर खर्जही खोटा. दुसरा धरला, तोही खोटा. इशबेल, माझ्या डोक्यात काहीच उरलं नाही. पाण्यात पायाखालची वाळू सरकते तसं झालं. मी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

हरले. तिथंच बसले. त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून पट्ट्यांकडे बघत राहिले. आता तो थांबणार आणि काही तरी बोलणार, तू ऐकलंस तसलं. मी वाट बघत होते.

तो थांबला नाही. चालीच्या शेवटाला गेला आणि फिरून परत सुरुवातीला आला. परत. परत. माझ्यासाठी थांबून राहिला होता तो, त्याच चालीत गोल फिरत, मी आत यावी म्हणून. मला ते उशिरा कळलं, कारण हेक्टर कोणासाठी थांबतो हे मी कधी पाहिलेलं नाही. मी आत गेले नाही. मला कुठून जायचं ते ठाऊक नव्हतं. शेवटी त्यानं स्वतःच संपवलं.

"हरलीस," तो म्हणाला.

"हरले."

"कागद ने," तो जोअ‍ॅनला म्हणाला.

ती रडायच्या बेतात होती. मला राग आला होता, तिचाही, त्याचाही. मी मफलर सोडायला वाकले. गाठ पक्की बसली होती. ती सोडता सोडता माझ्या लक्षात आलं. तशीच गुडघ्यांवर बसून मी विचारलं, "हेक्टर, मी हात उचलले त्यानंतर तू किती फेरे केलेस?"

"मोजले नाहीत. बरेच. तू शेतातल्या बुजगावण्यासारखी बसली होतीस."

"पियानो बंद होता."

"होताच. आनंदीआनंद."

"आणि तुझे पाय इथं बांधलेले आहेत. गाठ सुटत नाही, बघ."

त्यानं गज मांडीवर ठेवला.

"मग ताल कोणी धरला होता?"

"काय?"

"मला विचारू नकोस, मी चौथीत शाळा सोडली. पियानो नाही, टाच नाही, आणि तुझा एक फेरा दुसऱ्यापेक्षा केसभर लांब झाला नाही. ताल कोण धरत होतं, हेक्टर?"

त्यानं आपल्या पायाकडे बघितलं. कसं बघितलं सांगू? घरचा गडी वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात मिरवत असतो, आणि एक दिवस तो सुट्टीवर गेल्यावर कळतं की कामं तर होतच आहेत, तसं. मग त्यानं फिडल उचललं, ती अवघड चाल पुन्हा घेतली, मुद्दाम, डोळे मिटून. अर्ध्यावर थांबला. पुन्हा घेतली. मी गाठ तशीच सोडून मागं सरकले.

चुलीवरची किटली ओरडायला लागली, तेव्हा जोअ‍ॅननं ती उतरवली.

"फार आवाज करायचा हा पाय," तो म्हणाला. "पेन कुठंय?"

सही त्यानं इतकी वाकडी केली की सर्जनला वाचता येणार नाही. जोअ‍ॅन म्हणाली चालेल.

उद्या सकाळी ॲम्ब्युलन्स येते. बर्फ पडलं नाही तर.

फ्लोरा आत्या


२६ मार्च

इशबेल,

हॉस्पिटलच्या लांबलचक पडवीत बसून लिहिते आहे. इथला चहा भांडी धुतलेल्या पाण्यासारखा आहे.

पाय गेला. गुडघा वाचला. ऑपरेशननंतर दोन रात्री मला वाटलं तोही जाणार. ताप उतरेना, आणि तुझ्या आईला हाका मारत होता. मी म्हटलं, ती कामात आहे, मी आहे. तुला तेव्हा कळवलं नाही. कळवून तू तिथं भिंतीवर डोकं आपटलं असतंस, आणखी काय?

तिसऱ्या सकाळी जागा झाला आणि पहिला शब्द काय, तर "कोणता नेला?"

"तू सही केलीस तो."

"बघितलंस का तू? यांच्यावर माझा भरवसा नाही."

तेव्हा मला कळलं की हा आता मरत नाही. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

सर्जन रोज येतो. काल हेक्टरनं त्याला विचारलं, ईस्टरच्या सोमवारी नाच आहे, जाऊ का? सर्जन म्हणाला, मिस्टर मॅकडोनाल्ड, तुम्ही अजून बसायला शिकताय. हेक्टर म्हणाला, वाजवायला बसावंच लागतं. आता तो माणूस हसत नाही. एकदा येऊन ऐकतो म्हणाला.

तू शेवटच्या पत्रात विचारलंस, 'मी यावं का?' ते मला विचारू नकोस. मी त्याला तुझी सगळी पत्रं दाखवली. शपथ मोडली ते सांगितलं. तसंही लाइनवरून सगळ्या परगण्याला कळलंच होतं, फक्त त्यालाच बाकी होतं. त्यानं शिव्या दिल्या, मग चष्मा मागितला आणि पत्रं वाचली. हॉलच्या रात्रीचं पत्र वाचायला त्याला फार वेळ लागला. परत देताना म्हणाला, "पियानोला कोण बसणार सोमवारी?"

"मी."

"देव आम्हाला वाचवो."

"मग दुसरी शोध."

त्यावर त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं झोपला. पण आज सकाळी भेटायला आलेल्या जोअ‍ॅननं चाकाच्या खुर्चीत बसवून त्याला या पडवीत आणलं, तेव्हा म्हणाला, "फोन तिकडे आहे ना? मला चिल्लर दे." दिली. तुझा नंबर मी कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. "मी लावून देऊ का?" म्हटलं. "पाय गेलाय, बोटं आहेत," म्हणाला.

एकदा लावला आणि ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा लावला आणि ठेवला. मी इकडे पत्र लिहायला घेतलं, म्हणजे त्याला वाटू नये की मी बघते आहे. आता तिसऱ्यांदा लावलाय. पाठमोरा आहे, मला तोंड दिसत नाही. मघाशी त्यानं काही तरी म्हटलं, दोन-चार शब्द, मला ऐकू आले नाहीत. त्यानंतर रिसीव्हर कानाला लावून नुसता बसलाय. मान खाली. एक नर्स ट्रॉली घेऊन गेली, तिलाही वाट द्यायला सरकला नाही.

जन्मापासून या माणसाला ओळखते. इतका वेळ तो गप्प बसलेला मी कधी पाहिलेला नाही. म्हणजे पलीकडून कोणी तरी बोलत असणार.

फ्लोरा आत्या